फोन भरला म्हणून फोटो डिलीट करताय? आधी हे वाचा

‘फोटो गूगलवर आहेतच,’ असं म्हणून अनेकजण फोनमधले जुने फोटो उडवतात. घोळ इथेच होतो. बॅकअप सुरू असताना गूगल फोटोज अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला, की तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, नंतर कायमचा गेला.

मग फोन रिकामा कसा करायचा?
अ‍ॅपमधला ‘फ्री अप स्पेस’ हा पर्याय वापरा. बॅकअप झालेले फोटो त्याने फक्त फोनमधून निघतात.

१५ जीबी पुरतात का?
ही मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांना मिळून आहे. ती भरली की नव्या फोटोंचा बॅकअप थांबतो. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल डिलीट करू शकतं. घरातलं माणूस गेलं आणि त्याचे फोटो त्याच्याच खात्यात राहिले, तर तेही जाऊ शकतात. ते वेळीच उतरवून घ्या.

भरवशाचा मार्ग कोणता?
‘३-२-१’ हा सोपा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. म्हणजे फोन, हार्ड डिस्क आणि क्लाउड. फोनमधले फोटो काढणार असाल, तर आधी दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि ती भावाकडे किंवा गावच्या घरी ठेवा.

कॉपी झाल्यावर डिस्कवरचे चार-पाच फोटो उघडून पाहा. ते नीट दिसले, तरच फोनमधले काढा.