खतावणीशी बांधलेला आलेख

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधले आलेख नवे करायचे म्हटले की बहुतेकांना रंग आणि हलते स्तंभ आठवतात. मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचे ईआरपीनेक्स्ट पाहिले तर महत्त्वाचा प्रश्न वेगळाच निघतो: आलेखातला आकडा येतो कुठून? ऋषभ मेहता यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या या कंपनीचे हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली खुले आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर कोणालाही कोडमध्ये वाचता येते. त्यातले अहवाल आधी सी-थ्री ही तयार लायब्ररी वापरत. तिचे रूप ईआरपीनेक्स्टच्या साध्या मांडणीशी जुळेना आणि इतर पर्याय गुंतागुंतीचे किंवा ताठर वाटले, म्हणून 2017 मध्ये फ्रॅपे चार्ट्स ही घरची छोटी लायब्ररी आली. एवढ्याने नवे चित्र मिळाले. विश्वास मात्र त्याखालच्या रचनेतून येतो.

ईआरपीनेक्स्टचा अहवाल म्हणजे पायथनमधले एक फंक्शन. रकाने, ओळी आणि आलेख ते एकाच वेळी परत करते. नफा-तोटा पत्रकातले उत्पन्न, खर्च आणि निव्वळ नफ्याचे स्तंभ पत्रकासाठी काढलेल्या आकड्यांतूनच उभे राहतात. महिन्यागणिक आकडे हवे असतील तर स्तंभ, आणि बेरीज पुढे चढवत नेली तर तोच आलेख रेषेचा होतो. चढत्या बेरजेचे स्तंभ प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा भरभराटीचा भासवतात, म्हणून हा निर्णय मला सगळ्या रंगसंगतीपेक्षा मोलाचा वाटतो. चंदिगढच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. शहरातल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर सीजीएसटी आणि यूटीजीएसटी लागतो. तोच माल शेजारच्या मोहालीला किंवा पंचकुलाला विकला तर पंजाबची किंवा हरियाणाची हद्द येते आणि आयजीएसटी लागतो. बिलांच्या एकूण रकमा जोडून विक्रीचा आलेख काढला तर सरकारचा करही व्यापाऱ्याची कमाई म्हणून उंची वाढवेल. खतावणीत कर देण्याच्या खात्यांवर जातो, उत्पन्नावर नाही. म्हणून उत्पन्नखात्यांवरून काढलेल्या आलेखात ही चूक शिरायला जागाच राहत नाही.

यावर जुन्या मुनिमाचा आक्षेप ठरलेला: ताळेबंद जुळला की झाले, चित्र कशाला? जुळणी तपासायला आलेख निरुपयोगीच आहे, हे मान्य. पण जुळलेल्या पुस्तकातही खर्चाचा एखादा महिना अचानक उसळलेला असतो, आणि बारा रकान्यांच्या तक्त्यात तो नजरेतून निसटतो. आलेखाने फक्त तिकडे बोट दाखवायचे. व्हाउचर उघडायचे ते तक्त्यातूनच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एवढ्याशा कामासाठी स्वतःची लायब्ररी पोसणे परवडते का? ग्नूकॅश या जुन्या खुल्या हिशेब-सॉफ्टवेअरने परक्या लायब्रऱ्यांचा रस्ता धरला. त्यातल्या जेक्यूप्लॉट या लायब्ररीचा विकास थंडावला तेव्हा त्याला चार्ट.जेएसकडे वळावे लागले. म्हणजे उसने घेणेही फुकट नाही. तरी चार्ट.जेएसमागे मोठा समुदाय आहे, आणि घरच्या लायब्ररीतला प्रत्येक दोष घरच्यांनाच निस्तरावा लागतो. ज्याला फक्त नेहमीचे स्तंभ हवेत त्याने ग्नूकॅशच्याच वाटेने जावे, असे माझे मत.

फ्रॅपेच्या बाजूने मात्र एक ठोस मुद्दा उरतो. त्यांचा आलेख एसव्हीजी या रेषाचित्रांच्या स्वरूपात रेखला जातो, त्यामुळे मोठा केला किंवा कागदावर छापला तरी कडा फुटत नाहीत; चार्ट.जेएस मात्र कॅनव्हासवर ठिपक्यांत रंगवते. सीएच्या फायलीत अजून कागदच जातो, हे विसरून चालत नाही. शिवाय आकडे आखूड करण्यासाठी फ्रॅपेच्या चौकटीत देशानुसार वेगळी सोय आहे, त्यात भारतासाठी लाख आणि कोटी ठरवलेले आहेत. अशी सोय नसलेल्या अक्षावर दीड कोटीची उलाढाल ‘15 एम’ म्हणून उमटते, आणि ती वाचताना दुकानदाराला आधी मनातल्या मनात गुणाकार करावा लागतो.