दोन पाडवे आणि बंद दुकाने

साडेतीन मुहूर्त पंचांगात छापलेले असतात. परंतु त्यांची वाट आपल्यापेक्षा अधिक आतुरतेने कोणी पाहत असेल, तर तो दुकानदार! पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरचे कापडदुकान घ्या की तुळशीबागेतला बांगड्यांचा गाळा घ्या, वर्षाची कमाई सणांच्या आणि लग्नसराईच्या मोजक्या दिवसांवर उभी असते.

२०२० साली गुढीपाडवा आला २५ मार्चला, आणि नेमकी त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्यासाठी उधारीवर भरलेला माल कपाटातच राहिला. पाठोपाठ अक्षय्य तृतीयाही बंद दारांआड गेली. रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली खरी. पण व्याजाला टाळेबंदी नव्हती. भाडे थांबले नाही, नोकरांची पोटे थांबली नाहीत. ज्यांच्याजवळ गाळाही नव्हता, त्या पथारीवाल्यांची आणि हमालांची तर रोजची भवानीच बंद झाली.

५ जूनपासून राज्यात दुकाने उघडू लागली, तीही एक दिवस रस्त्याची ही बाजू, तर दुसऱ्या दिवशी समोरची. म्हणजे साडी आज मिळाली, तर तिच्या अस्तरासाठी उद्याची वाट पाहायची! कपडे अंगाला लावून बघायचे नाहीत, घेतलेले बदलून मिळायचे नाहीत. 'घ्या तर खरं, घरी नाही पसंत पडलं तर परत आणा, वहिनी,' हे आपल्या बाजाराचे जुने आश्वासनच त्यामुळे मुके झाले. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला, तेव्हाही अत्यावश्यक माल सोडून इतर दुकानांना कुलपेच होती.

पुण्याला साथ नवी नाही. १८९७ च्या प्लेगात लोक घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेले आणि पेठा ओस पडल्या. साथीचा कायदा त्याच वर्षीचा, आणि २०२० साली सरकारने आधार घेतला तोही त्याचाच. मात्र दोन्ही साथींत एक मोठा फरक आहे. प्लेग ओसरल्यावर माणूस पेठेत परतला, तो त्याच वाण्याच्या दुकानी. दुसरीकडे जाणार कुठे? या खेपेस गिऱ्हाईक घरातच होते, हाती फोन होता आणि माल दाराशी येत होता. टाळेबंदी उठली, पण ती सवय उठली नाही.

सवयीत सोय आहे, हे कोण नाकारील? परंतु फोनवरचा दुकानदार आपल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधताना चहा मागवीत नाही, आणि महिनाअखेरीस 'पैशाचं काय एवढं, सावकाश द्या' असेही म्हणत नाही. साथीच्या दिवसांत कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने कित्येक घरांना उधारीवर तांदूळ-डाळ पुरवली, ती ओळखीच्याच बळावर.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही पुजतात. पूजा त्यांनी करायची; वहीचे पहिले पान भरणे मात्र, वाचकहो, तुमच्या-आमच्या हाती आहे.