अंदाज खरा ठरला, हे कसे ठरवायचे?

हवामानाच्या अंदाजावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात दर पावसाळ्यात विचारला जातो. परंतु अंदाज खरा ठरला की खोटा हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे, हा त्याच्या आधीचा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या दैनंदिन अंदाजातील बहुतेक शब्दांना मोजता येईल असा ठरलेला अर्थ आहे, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही तोवर अंदाजाच्या विश्वासार्हतेविषयीची चर्चा केवळ मतांची राहते.

‘कोकण-गोव्यात बहुतांश ठिकाणी, तर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे’ हे वाक्य आकाशवाणीच्या श्रोत्यांना पाठ असते. त्यातील ‘ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रे होत, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, 26 ते 50 टक्के केंद्रांवर असेल तर ‘काही’, 51 ते 75 टक्क्यांपर्यंत ‘बऱ्याच’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश’ असे म्हटले जाते. याचा अर्थ असा की, मराठवाड्यात ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस सांगितला असता तीन-चतुर्थांश केंद्रे कोरडी राहिली तरी अंदाज चुकत नाही, किंबहुना तो तसेच सांगत असतो. ‘मुसळधार’ हाही असाच मोजलेला शब्द आहे: सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस पडला तर तो मुसळधार, आणि त्यापुढे 204.4 मिलिमीटरपर्यंतचा अतिमुसळधार. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ मात्र 65 मिलिमीटरच्या वर सुरू होते आणि नुकसानभरपाईचे पंचनामे त्या हिशेबाने होतात. म्हणजे हवामान विभागाच्या लेखी जो केवळ मुसळधार, तोच तलाठ्याच्या लेखी अतिवृष्टी ठरतो. बातम्यांमध्ये हे शब्द सरमिसळ वापरले जातात, तेव्हा गोंधळ होणे अटळ आहे.

रंगांचेही तसेच आहे. लाल, नारिंगी आणि पिवळा हे इशारे पावसाच्या मिलिमीटरचे निव्वळ दर्शक नसून घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम यांची सांगड घालून ठरवले जातात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. लाल इशाऱ्याच्या दिवशी आपल्या गल्लीत ऊन पडले म्हणून इशारा फसवा होता, असा निष्कर्ष त्यामुळे निघत नाही.

तो का निघत नाही, याचे सर्वांत ठळक उदाहरण 26 जुलै 2005 चे आहे. त्या दिवसाच्या 24 तासांत मुंबईतील सांताक्रूझ केंद्रावर 944 मिलिमीटर, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकावरील कुलाबा केंद्रावर केवळ 73 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एका शहरात एवढी तफावत असेल, तर महाबळेश्वरचा पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि माण तालुक्यातील पाचशेच्या आसपासचा पाऊस या दोहोंना सामावणाऱ्या सातारा जिल्ह्यासाठी एकच वाक्य पुरेसे ठरणे अशक्य आहे; इशाऱ्यांमध्ये घाट विभाग आता वेगळा काढला जातो, तो याच कारणाने. शिवाय वातावरणाच्या आजच्या स्थितीतील सूक्ष्म फरक काही दिवसांत प्रचंड वाढतात, हे एडवर्ड लोरेन्झ यांनी 1963 मध्ये गणिताने दाखवून दिले. म्हणून आज संगणकावर एकच गणित न करता, सुरुवातीची स्थिती किंचित बदलत तेच गणित अनेकदा केले जाते, आणि त्यांपैकी किती उत्तरांमध्ये पाऊस दिसतो यावरून पावसाची शक्यता टक्क्यांत काढली जाते.

अशा टक्केवारीची विश्वासार्हता एका दिवसावरून तपासता येत नाही. ज्या ज्या दिवशी 70 टक्के शक्यता सांगितली गेली, ते सर्व दिवस एकत्र केल्यावर त्यांतील सुमारे 70 टक्के दिवशी पाऊस झाला असेल, तर तो अंदाजकर्ता विश्वासार्ह; उरलेले कोरडे दिवस ही त्याची चूक नव्हे. याउलट ‘आमचे 95 टक्के अंदाज खरे ठरतात’ हा दावा फारसे काही सांगत नाही. अमेरिकेच्या लष्करातील जॉन फिन्ली यांनी 1884 मध्ये टॉर्नेडो वादळांचे अंदाज वर्तवून 96 टक्क्यांहून अधिक यश मिळाल्याचे दाखवले, तेव्हा टीकाकारांनी लक्षात आणून दिले की, ‘वादळ होणार नाही’ असेच रोज म्हटले असते तर यश 98 टक्क्यांवर गेले असते. दुर्मीळ घटना हेरण्याची क्षमता आणि एकूण यशाची सरासरी या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

टक्केवारी उघडपणे सांगण्याचा मोठा लाभ असा की, निर्णय ज्याचा त्याला घेता येतो. तासगाव परिसरात बेदाणा वाळत घातलेल्या उत्पादकाला पावसाची 30 टक्के शक्यताही शेड झाकून घेण्यास पुरेशी आहे, कारण झाकण्याचा खर्च थोडा आणि माल भिजल्याचे नुकसान फार मोठे. पेरणीसाठी थांबलेल्या सोयाबीन उत्पादकाला मात्र दुबार पेरणीचा धोका पत्करण्यापूर्वी त्याहून कितीतरी अधिक खात्री हवी असते. ‘पावसाची शक्यता’ या दोन शब्दांत या दोघांचीही सोय होत नाही.

हंगामी अंदाजाबाबतचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. ‘सरासरीइतका मॉन्सून’ याचा अर्थ जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर मिळून दीर्घकालीन सरासरीच्या, म्हणजे सुमारे 87 सेंटिमीटरच्या, 96 ते 104 टक्के पाऊस, एवढाच आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने 96 टक्के पावसाचा अंदाज पाच टक्के कमी-अधिक धरून वर्तवला होता आणि प्रत्यक्षात 94 टक्के पाऊस झाला. अंदाज मर्यादेत राहिला. परंतु त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, ऐन वाढीच्या काळात पिकांना पावसाचा खंड सोसावा लागला आणि महाराष्ट्रात 40 तालुक्यांमध्ये दुष्काळ जाहीर करावा लागला. देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेतून एका तालुक्याचा ऑगस्ट ओळखता येत नाही, ही गोष्ट हंगामी अंदाजाच्या बातमीतच, मथळ्याइतक्या ठळकपणे, छापली गेली पाहिजे.

अंदाजांच्या पडताळणीचे तांत्रिक काम हवामान विभागात चालते. परंतु सामान्य वाचकाला समजेल अशा रूपात ते त्याच्या हाती येत नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. मागील आठवड्यात जिल्ह्यासाठी काय सांगितले होते, किती मंडळांत किती मिलिमीटर पाऊस झाला आणि कोणता इशारा अनाठायी ठरला किंवा द्यायचा राहून गेला, हे दर सोमवारी जिल्हा वृत्तपत्राच्या एका चौकटीत मावण्याजोगे आहे.