विश्लेषण : विंडोज १० चा आधार संपला, जुन्या लॅपटॉपला लिनक्स तारेल का?

शिवाजी पार्कातल्या जुन्या इमारतींमध्ये असा लॅपटॉप अनेक घरांत असतो. नऊ-दहा वर्षांपूर्वी मुलाने किंवा मुलीने घेऊन दिलेला; मुले परदेशी गेल्यावर आई-बाबांच्या व्हिडीओ कॉलसाठी, बँकेच्या कामांसाठी आणि सोसायटीच्या पत्रांसाठी घरी राहिलेला. पडदा ठीक, कळफलक ठीक. पण त्यातल्या विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट्ससाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. म्हणजे प्रश्न सुटला नाही, एक वर्ष पुढे गेला.

विंडोज ११ का चालत नाही?

लॅपटॉप संथ आहे म्हणून नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. ही पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधीचे यंत्र कितीही धडधाकट असले तरी अधिकृतपणे बाद ठरते.

याउलट, लिनक्स मिंट या घरगुती वापरासाठी लोकप्रिय असलेल्या प्रणालीला किमान २ जीबी रॅम पुरते. ४ जीबी असेल तर काम सुखाने होते. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळणार आहेत, तीही मोफत. लिनक्स म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते सुरू केले आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. हा मजकूर अँड्रॉइडवर वाचत असाल, तर तुम्ही आत्ताही लिनक्सच वापरत आहात.

मात्र जुने वापरकर्ते एक गोष्ट आधी सांगतात. लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर केवळ प्रणाली बदलून तो पळू लागणार नाही. लॅमिंग्टन रोडवर जाऊन एसएसडी बसवून घ्यावी. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हा.

रोजची कामे होतात का?

बहुतेक होतात, कारण ती आता ब्राउझरमध्येच असतात. नेटबँकिंग, वीजबिल, रेल्वे तिकीट, ऑनलाइन प्राप्तिकर विवरणपत्र यांसाठी फायरफॉक्स किंवा क्रोम पुरेसे आहे. झूमचे लिनक्ससाठी वेगळे अ‍ॅप आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे अधिकृत अ‍ॅप नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप वेब चालते. नेटफ्लिक्स दिसते, फोर-के दर्जाचे नाही.

वर्ड-एक्सेलच्या जागी लिबरऑफिस येते. त्यात साधी पत्रे आणि हिशेबाचे तक्ते नीट उघडतात. मॅक्रो असलेल्या किचकट फाइल्स बिघडू शकतात. विंडोजमधला मंगल फॉन्ट लिनक्सवर नसल्याने मराठी पत्रातल्या ओळी खालीवर सरकतात आणि एका पानाची नोटीस दीड पानाची होते. त्यामुळे दुसऱ्याला पाठवायची प्रत पीडीएफच असावी.

मराठीचे काय?

इथे खरी मेख आहे. युनिकोड मराठी लिनक्सवर उत्तम दिसते. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रणालीसोबतच येतो, सेटिंग्जमध्ये जाऊन तो फक्त जोडावा लागतो. 'दऱ्या', 'सुऱ्या' लिहिताना लागणारा ऱ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे'ची कळ दाबली की मिळतो. इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' टाइप करून मराठी उमटवण्याची सवय असलेल्यांना मात्र थोडा त्रास होतो. लिनक्सवर तशा पद्धती आहेत, पण त्यांचे नियम काटेकोर असतात. फोनसारखे शब्द सुचवले जातीलच असे नाही. ज्याला रोज मराठी लिहायचे आहे त्याने दोन आठवडे देऊन इन्स्क्रिप्ट शिकून घ्यावे, हे उत्तम. ते फोनवरही उपयोगी पडते.

अडचण आहे ती जुन्या फाइल्सची. सोसायटीचे ठराव, मंडळाच्या स्मरणिका, आजोबांचे टाइप करून घेतलेले लेख असे कितीतरी साहित्य श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडून आहे. त्यात मराठी अक्षरांना दिलेले सांकेतिक क्रमांक वेगळेच असतात. फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. याला लिनक्स जबाबदार नाही, हीच फाइल फोनवर उघडली तरी तेच होते. पण विंडोज पुसल्यानंतर हे लक्षात आले तर पंचाईत. म्हणून विंडोज चालू असतानाच अशा फाइल्स उघडून त्यांची पीडीएफ करून ठेवावी आणि पुढे बदलाव्या लागणाऱ्या फाइल्स कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्यात. पुनर्विकासाची कागदपत्रे चाळायची वेळ येते तेव्हा वीस वर्षांपूर्वीचा ठराव वाचता न येणे परवडत नाही.

लिनक्स कोणी घेऊ नये?

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी, कोरल ड्रॉ किंवा फोटोशॉपवर पोट असणाऱ्यांनी. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी बनत नाहीत. इंकस्केप आणि गिंप चांगली आहेत, पण छापखान्याला कोरलचीच फाइल हवी असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनसाठी लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे.

प्रिंटरचेही तसेच. वायफायवर चालणारे नवे प्रिंटर बहुधा आपोआप ओळखले जातात. एचपीच्या लेझरजेट १०२० ला कंपनीचे जास्तीचे प्लगइन उतरवावे लागते. छोट्या कार्यालयांत नेहमी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र भल्याभल्यांची परीक्षा पाहतो.

सुरुवात कशी करावी?

काहीही न पुसता. लिनक्स मिंटची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून ती रुफस किंवा एचरसारख्या साधनाने रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवावी आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. विंडोजला धक्का न लागता लिनक्स चालते. थोडे संथ वाटेल, ते पेन ड्राइव्हमुळे. या अवस्थेत वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपून पुन्हा जागा होतो का, हे तपासावे. शेवटची चाचणी बहुतेक जण विसरतात.

त्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवल्या तर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. लॅपटॉप बिघडलेला नसतो. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. एक सेटिंग बदलले की जुळते.

नंतर मिंटमधील टाइमशिफ्ट चालू करावे. एखादे अपडेट बिघडले तर प्रणाली आदल्या दिवसाच्या अवस्थेत नेता येते. पण टाइमशिफ्ट तुमचे फोटो जपत नाही. मुळात ते घरच्या फाइल्स वगळते. हा गैरसमज महागात पडतो. सॉफ्टवेअर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावे आणि कुणीतरी सांगितलेली आज्ञा अर्थ न कळता टर्मिनलमध्ये चिकटवू नये. विंडोजचे बहुतेक व्हायरस लिनक्सवर चालत नाहीत, पण फोनवरून ओटीपी मागणारा भामटा कोणत्याही प्रणालीवर चालतो.

शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे धडे मराठीतून मोफत उपलब्ध आहेत. परदेशातल्या मुलाला मध्यरात्री फोन करण्याआधी ते पाहून घेता येतील.