मॉरिशसचे पंतप्रधानपद : घटनेत न लिहिलेली अट

मॉरिशस 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाले. तेव्हापासून तिथे दर काही वर्षांनी निवडणुका होतात, सत्ता शांतपणे बदलते आणि हरलेला पक्ष निकाल मान्य करतो. आफ्रिका खंडाभोवतीच्या देशांत हे सहज घडलेले नाही. या लोकशाहीचे कौतुक करताना एका गोष्टीकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. इतक्या वर्षांत पंतप्रधानपद बहुतेक काळ दोनच घराण्यांकडे राहिले. शिवसागर रामगुलाम 1968 ते 1982 या काळात पदावर होते. त्यांचे पुत्र नवीन 1995 ते 2000, पुन्हा 2005 ते 2014 आणि नोव्हेंबर 2024 पासून आजतागायत त्या पदावर आहेत. मधल्या वर्षांत अनिरुद्ध जगन्नाथ आणि त्यांचे पुत्र प्रविंद होते. अपवाद एकच, पॉल बेरांजे. ते सप्टेंबर 2003 ते जुलै 2005 इतकाच काळ पंतप्रधान होते आणि आजवरचे एकमेव बिगर-हिंदू पंतप्रधानही तेच.

घटनेत पंतप्रधान कोणत्या समाजाचा असावा, याविषयी एक अक्षरही नाही. विधानसभेत ज्याला बहुमताचा पाठिंबा मिळेल असे दिसते, त्या सदस्याची राष्ट्राध्यक्षांनी नेमणूक करायची, एवढेच तिथे सांगितले आहे. विधानसभेतल्या जागांच्या बाबतीत मात्र हीच घटना समाज मोजायला सांगते. 62 सदस्य थेट निवडून येतात. त्यानंतर जास्तीत जास्त 8 जागा पराभूत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्यांना दिल्या जातात आणि त्या कोणाला द्यायच्या हे समाजानुसार ठरते. गट चार आहेत : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि 'सामान्य लोकसंख्या'. या शेवटच्या गटात क्रिओल आणि फ्रेंच वंशाचे लोक येतात. कोणता समाज किती मोठा, हे मात्र अजूनही 1972 च्या जनगणनेवरून ठरते, कारण त्यानंतरच्या जनगणनांत समाजाची नोंदच केलेली नाही.

या हिशोबात मॉरिशसमधले मराठी भाषक हिंदूंमध्ये धरले जातात. तमिळ आणि तेलुगूही त्याच रकान्यात. प्रत्यक्ष राजकारणात या तिन्ही समाजांची ओळख वेगळी आहे. मराठी भाषक हे ऊसमळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून मुंबई बंदरातून गेलेल्या, प्रामुख्याने कोकणातल्या माणसांचे वंशज. त्यांनी मराठी वर्ग चालवले, झाकरी नाच जपला, गणेशोत्सव टिकवला आणि आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मंत्रिमंडळ ठरवताना त्यांच्यापैकी कोणी आहे का, हेही पाहिले जाते. पंतप्रधानपदाशी त्यांचा संबंध मात्र तिथेच संपतो. भोजपुरी भाषक हिंदूंमधल्या, तिथे 'वैश' म्हणवल्या जाणाऱ्या गटातूनच पंतप्रधान यायचा, असा संकेत पडून गेला आहे.

हा संकेत भीतीतून जन्मला. 1967 च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या बाजूला सुमारे 56 टक्के आणि विरोधात सुमारे 44 टक्के मते पडली. विरोध करणाऱ्यांत क्रिओल आणि फ्रेंच वंशाच्या लोकांचा भरणा होता. हिंदूंचे राज्य येईल आणि आपण दुय्यम ठरू, ही त्यांची धास्ती होती. स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम गटांत दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. शिवसागर रामगुलाम यांनी त्यानंतर जे केले, ते मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते. स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाचे नेते गाएतां ड्युव्हाल यांना त्यांनी 1969 मध्ये सरकारात घेऊन परराष्ट्रमंत्री केले. हरलेल्यांना हे सरकार आपलेही आहे, असे वाटण्याची सोय त्यातून झाली. त्याच समझोत्यात 1972 ची निवडणूक पुढे ढकलली गेली आणि डिसेंबर 1971 मध्ये आणीबाणी आली, हेही विसरता येत नाही.

तरुणांना हे पटले नाही. बेरांजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये स्थापलेल्या लढाऊ चळवळीचे, म्हणजेच 'एमएमएम'चे, म्हणणे होते की भांडण वंशाचे नसून वर्गाचे आहे. गोदी कामगार आणि ऊसमळ्यांतले मजूर एकत्र आले. 1970 च्या पोटनिवडणुकीत या पक्षाचे देव विरासामी हिंदूबहुल त्रिओले भागातून निवडून आले, तेव्हा देश थक्क झाला. 1976 मध्ये हाच पक्ष सर्वाधिक जागा घेऊन आला, पण रामगुलाम आणि ड्युव्हाल यांनी एकत्र येऊन त्याला बाहेर ठेवले. 1982 मध्ये मुख्य बेटावरच्या सर्व 60 जागा त्याच्या आघाडीला मिळाल्या. तरीही पंतप्रधान बेरांजे झाले नाहीत, अनिरुद्ध जगन्नाथ झाले. समाजाचे गणित मोडायला निघालेल्या पक्षालाही सर्वोच्च पदासाठी तेच गणित मांडावे लागले. पुढच्याच वर्षी पक्ष फुटला, बेरांजे विरोधात गेले आणि जगन्नाथांनी नवा पक्ष काढला.

त्या संकेताला पहिला खरा धक्का 2000 मध्ये बसला. निवडणुकीआधीच करार झाला की पहिली तीन वर्षे जगन्नाथ आणि उरलेली दोन बेरांजे. आघाडीने 62 पैकी 54 जागा जिंकल्या आणि करार पाळलाही गेला. 2003 मध्ये जगन्नाथ राष्ट्राध्यक्ष झाले, प्रविंद उपपंतप्रधान झाले आणि फ्रेंच वंशाचा माणूस पंतप्रधानपदावर आला. देशात काही अघटित झाले नाही. पण 2005 मध्ये तोच मतदार नवीन रामगुलामांकडे वळला. 2014 मध्ये रामगुलाम आणि बेरांजे एकत्र आले. रामगुलाम थेट निवडलेले, अधिक अधिकारांचे राष्ट्राध्यक्ष आणि बेरांजे पंतप्रधान, असा त्यांचा प्रस्ताव होता. लोकांनी त्यांना 13 जागांवर रोखले. त्या पराभवाला इतर कारणेही होती, पण 'तो' पंतप्रधान होणार ही भीती गावोगाव पसरवली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सन्मानाची पदे मात्र वाटली गेली. राष्ट्राध्यक्ष तमिळ, मुस्लिम, क्रिओल झाले. अमीना गुरिब-फकीम ही मुस्लिम स्त्रीही झाली. फेब्रुवारी 1999 मध्ये क्रिओल गायक काया पोलीस कोठडीत मरण पावले आणि देश पेटला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कासम उतीम स्वतः रस्त्यावर उतरून लोकांशी बोलले. पण पोलीस पंतप्रधानांच्या हाताखाली असतात. मॉरिशसला लष्कर नाही, आणि गृह व संरक्षण ही खाती पंतप्रधान स्वतःकडे ठेवतात. कोठडीत मेलेल्या माणसाचा जाब ज्याला विचारायचा, त्या पदापर्यंत क्रिओल माणूस कधी पोहोचलेलाच नाही. प्रतिनिधित्व आणि सत्ता यांतला फरक या प्रसंगात जितका उघडा पडतो, तितका दुसरीकडे क्वचितच पडत असेल.

2017 मध्ये अनिरुद्ध जगन्नाथांनी पद थेट मुलाकडे सोपवले. 'पापा-पिती', म्हणजे बाप-लेकाचा व्यवहार, अशी हाकाटी झाली. प्रविंद 2019 ची निवडणूक जिंकले, 2024 मध्ये फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणाने घेरले गेले आणि त्यांच्या आघाडीला मुख्य बेटावर एकही जागा थेट मिळाली नाही. बेरांजे नव्या सरकारात उपपंतप्रधान झाले. त्याच मंत्रिमंडळात अशोक सुब्रों आले. उमेदवारी अर्जावर आपला समाज लिहायला ज्या चळवळीने नकार दिला आणि ज्या प्रकरणात 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने मॉरिशसच्या विरोधात मत दिले, त्या चळवळीचे ते नेते. 2014 च्या निवडणुकीपुरती ती सक्ती तात्पुरती उठवली गेली होती. ती कायमची जावी असे मला वाटते. पण ती गेली तरी पंतप्रधानपदावर कोणी बसायचे, हा प्रश्न सुटणार नाही, कारण ती अट कोणत्याच अर्जावर नाही. ती निवडणुकीआधी पक्षांचे नेते बंद दाराआड आघाड्या जुळवतात तेव्हा लागू होते, आणि म्हणून ती मोडायचीही तिथेच आहे : उमेदवाराचे नाव जाहीर करण्याच्या आधी.