तंजावरच्या शहाजीराजांचे ठाय आणि वीणेवरचे वाचन

पुणे-नाशिक महामार्गावर पेठ ओलांडून मंचर, नारायणगाव करीत जुन्नर गाठले की शिवनेरी दिसतो, आणि भोसले घराण्याचा इतिहास या भागात घरोघरी सांगितला जातो. परंतु शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या तंजावरच्या शाखेने संगीताचे जे लेखन मागे ठेवले, त्याचा परिचय महाराष्ट्रात फार थोड्यांना आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते, म्हणजे युरोपात बाख, हँडेल आणि स्कार्लाती जन्मले त्या १६८५ सालाच्या आदल्या वर्षीच त्यांचे राज्य सुरू झाले. मराठी वाचक त्यांना ओळखतो तो ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ या आद्य मराठी नाटकांपैकी एकाचा कर्ता म्हणून. त्यांचा तेलुगूतील ‘रागलक्षणमु’ हा ग्रंथ मात्र अभ्यासकांपुरताच राहिला आहे.

या ग्रंथात रागाचा मेळ, म्हणजे त्याला स्वर पुरवणारी मूळ चौकट, सांगून पुढे प्रत्यक्ष स्वरवाक्ये दिलेली आहेत, आणि ती ठाय, गीत अशा तत्कालीन रचनांतून घेतलेली आहेत. ठाय म्हणजे रागातील एखादा स्वर आधाराला धरून त्याच्याभोवती केलेला, तालात न बांधलेला विस्तार होय. वादक हे वाक्य वीणेवर घेतो तेव्हा त्याच्यासमोर केवळ सा, रि, ग ही अक्षरे असतात. रि कोमल की तीव्र हे अक्षरावरून कळत नाही, ते मेळावरून ठरवावे लागते. मेणात बसवलेल्या चोवीस पडद्यांपैकी कोणत्या पडद्यावर बोट ठेवायचे, हा निर्णय त्यामुळे वादनाच्या आधी होतो, आणि येथेच सवय सर्वाधिक फसवते. आजच्या कर्नाटक भैरवीत आरोहात वरचा धैवत येतो, तर सतराव्या शतकातील संगीतशास्त्रकार व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डीप्रकाशिके’त भैरवीच्या मेळात केवळ खालचा धैवत आहे, ज्याला हिंदुस्थानी गायक कोमल म्हणतो; त्यामुळे आजच्या कानाने वाजवलेले जुने वाक्य सुरेल लागते आणि तरीही चुकीचे असू शकते.

सप्तकाची खूण नसेल तेथे ‘नि’नंतरचा ‘स’ वर जातो की खाली उतरतो, हे मागच्या-पुढच्या स्वरांची चाल पाहून ठरते. दीर्घ अक्षरावर थांबायचे हे दिसते, पण किती थांबायचे आणि तार किती ओढून गमक, म्हणजे स्वराचे आंदोलन, घ्यायचे हे दिसत नाही. म्हणून सावध वादक वाक्य प्रथम जवळजवळ सरळ, संथ वाजवतो, एकच विराम निरनिराळ्या जागी घेऊन पाहतो, आणि राग जेथे ओळखू येऊ लागतो तेथपर्यंतच गमक वाढवतो. हा संयम रूक्ष वाटला तरी आवश्यक आहे, कारण आजच्या शैलीने भरून काढलेले ठाय ऐकायला भरघोस वाटले तरी ते शहाजीराजांच्या काळाविषयी काहीच सांगत नाहीत.

हार्पसिकॉर्ड या पिसाच्या दांडीने तार छेडणाऱ्या कळवाद्याच्या वादकांपुढेही नेमका हाच प्रश्न होता. १६६१ मध्ये निधन पावलेल्या लुई कुपराँ या फ्रेंच रचनाकाराची काही पूर्ववादने कालमानाशिवाय लिहिलेली आहेत: सलग पूर्णस्वर, त्यांवर वक्ररेषा, आणि मात्रांचे विभाग नाहीत. विसाव्या शतकात जुन्या धाटणीची वाद्ये पुन्हा बनू लागली आणि त्या वाद्यांवर हात बसला, तेव्हा या वक्ररेषांतून कोणता स्वर धरून ठेवायचा हे बोटांना उमगू लागले. तंजावरच्या ठायांना अशा वक्ररेषांचाही आधार नाही.

एके ठिकाणी मात्र परंपरा मदतीला येते. शहाजीराजांचे ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे तिरुवारूरच्या त्यागराज मंदिराशी जोडलेले गेयनाट्य असून संगीतशास्त्राचे अभ्यासक पी. सांबमूर्ती यांनी ते प्रसिद्ध केले. ग्रंथातील स्वरवाक्ये आणि या प्रबंधाच्या चाली, जेथे राग एकच आहे तेथे, शेजारी ठेवून वाजवणे हे काम मराठी संगीत अभ्यासकांनी तमिळनाडूतील वैणिकांबरोबर बसून हाती घ्यायला हवे. हस्तलिखिते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.