कपाशी, फवारणी आणि रोजी

२०१७चा पावसाळा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे मजूर आणि शेतकरी एकामागून एक रुग्णालयात दाखल होऊ लागले. विषबाधा शेकडो जणांना झाली; वीसच्या आसपास माणसे दगावली.

जनुकीय बदल केलेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, ती बोंडअळी आवरेल या भरवशावर. गुलाबी बोंडअळी मात्र तिला पुरून उरली आणि फवारण्या वाढल्या. माणसाच्या उंचीची कपाशी, दमट उकाडा, दोन-तीन कीटकनाशकांचे मिश्रण आणि अंगात साधा सदरा. हातमोजे, मास्क वापरा हा सल्ला बरोबरच. पण तो देणाऱ्याने त्या उकाड्यात एका दिवसाची रोजी भरून दाखवावी.

याच जिल्ह्यात सुभाष शर्मा नव्वदच्या दशकापासून रसायनांविना शेती करत आहेत. शेण, हिरवळीचे खत, झाडे, पक्षी, शिवारातच मुरवलेले पाणी, यांवर त्यांचा भर. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मग सगळेच तसे का करत नाहीत? कोरडवाहू शेतकऱ्याचे बियाणे आणि औषध अनेकदा कृषी केंद्रातून उधारीवर येते. जमीन सुधारायला काही वर्षे लागतात. उधारी मात्र कापूस विकला की फेडावी लागते.